पहिल्या मजल्यावरची गाडी

टक्क.

एवढाच आवाज. आमचा फ्रिज दम खायला थांबला की असा एकदा वाजतो. बाकी घर चिडीचूप होतं. सासूबाई चवड्यांवर चालत होत्या, नवऱ्याने शिंक नाकातच अडवून धरली होती आणि मी किल्लीच्या पाठीवरचा हात एकेक बोट करून उचलत होते. चार बोटं सुटली होती, अंगठा तेवढा राहिला होता. आणि टक्क.

किल्लीने डोळे उघडले. "आई, फ्रिज झोपला," असं म्हणून ती स्वतः उठली.

किल्ली म्हणजे माझी लेक. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते डॉक्टरांच्या कागदापुरतंच. रांगायला लागल्यावर तिने पहिली झडप घातली ती गाडीच्या किल्लीवर, आणि ती तोंडातून काढून घेताना तिने जो सूर लावला तो शेजाऱ्यांच्या अजून लक्षात आहे. तेव्हापासून ती किल्ली.

फ्रिजचं दुखणं मला ठाऊक आहे. कॉम्प्रेसरखालचं मागचं रबर वाळलंय. हे मी झोपेतही सांगेन, झोप मिळाली तर. कारण आवाज ओळखणं हाच माझा धंदा. मी मेकॅनिक आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये गाड्या मापाने बेततात, शिंप्याकडे कपडे बेततात तशा. बाजारातली गाडी ज्याच्या अंगाला बसत नाही तो आमच्याकडे येतो. एकदा एक वादक आले होते. त्यांचं वाद्य त्यांच्यापेक्षा उंच. वाद्य पुढे शेजारी बसेल आणि बायको मागे, अशी गाडी त्यांना हवी होती. बायको सोबतच होत्या. त्यांचीही हीच इच्छा होती.

अशी गाडी उभी राहिली की ती पहिल्यांदा चालवायची मी. वर्कशॉपमागच्या दगडधोंड्यांच्या रस्त्यावर ती दामटायची आणि कान टवकारून बसायचं. कुठे खुळखुळतंय, कुठे करकरतंय, कुठे नुसतंच कण्हतंय. आवाज सापडला की गाडी परत आत, आवाज गेला की गिऱ्हाइकाच्या हवाली. "आमच्या बाईंच्या हाताखालून गेलेली गाडी मुकी होते," असं वस्ताद, म्हणजे आमचे मालक, लोकांना सांगतात. माझ्यासमोर सांगत नाहीत. समोर कौतुक केलं की माणूस सैल पडतो, असं त्यांचं मत आहे.

किल्ली झाल्यापासून मी घरी आहे. घरी बसलेली नाही, नुसती घरी आहे.

तर दोन आठवड्यांपूर्वी वस्तादांचा फोन आला. "बाई, जनावरांच्या डॉक्टरांची गाडी होत आली. वासरू उभं राहील अशी. चाचणीला कोण बसणार?"

"तुमचा भाचा बसतो ना?"

"बसतो की. गाणी लावून बसतो."

"चाचणीला गाणी?"

"म्हणतो, मामा, गाणं लावलं की गाडीचा आवाजच येत नाही." पुढची तक्रार वस्तादांनी तिथेच आवरली. भाचा सख्ख्या बहिणीचा आहे. "एक तारखेला या. नाही आलात तर जागा त्याला द्यावी लागेल. माझी बहीण माझ्या घरी येऊन बसलीये."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवून सासूबाईंकडे बघितलं. त्या आधीच माझ्याकडे बघत होत्या. "जा गं तू," त्या म्हणाल्या. "तिला जेवू घालीन, न्हाऊ घालीन, घसा बसेपर्यंत गोष्टी सांगेन. फक्त दुपारी तिला निजवायचं काय ते बघ. ही दुपारी नाही झोपली की संध्याकाळी माझ्यात मी उरत नाही."

एवढंच काम होतं. पोरीला दुपारी झोप लागेल अशी सोय करायची. हे एवढंसं काम मी हाती घेतलं आणि आज आमच्या झोपायच्या खोलीत जे उभं आहे त्याला काय म्हणावं, यावर सरकारातही एकमत नाही.

किल्लीला दुपारची झोप फक्त आमच्या जुन्या गाडीत लागायची. तीही चालत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तशी आमची स्वतःची गाडी नखशिखांत वाजायची, आणि त्या वाजण्याच्या तालावर पोरगी पहिल्याच वळणावर मान टाकायची. मग मी गावभर चकरा मारत बसायचे. वाणी मला बघून घड्याळ लावायचा. ते तसंच चाललं असतं, पण मागच्या सीटखालचा पत्रा इतका कुजला की एके दिवशी किल्लीचा बूट त्यातून रस्त्यावर पडला. मागच्या गाडीवाल्याने तो आणून दिला आणि सौम्यपणे म्हणाला, "पुढच्या वेळी पोर पडेल." आणि समजा पत्रा ठोकून घेतलाही असता, तरी सासूबाईंना गाडी चालवता येत नाही. त्या शिलाई मशीनसुद्धा कचरत चालवतात.

मी म्हटलं, गाडी मोडीत काढू. फक्त किल्लीचं सीट घरी आणू, खाली लोखंडी घोडा, त्याला मोटर, सीट जरा थरथरलं की काम झालं. एका रविवारचा खेळ.

मोटर धुलाई यंत्राची काढली. तिच्या दांड्याला एका बाजूला वजन लावलं, म्हणजे ती फिरताना डुलते. सीट घोड्यावर चढवलं, बटण दाबलं. सीट झकास थरथरू लागलं. किल्लीने सगळीकडून फिरून ते पाहिलं आणि निकाल दिला, "ही खुर्ची आहे."

मग मी गाडीचा डॅशबोर्ड आणला, स्टिअरिंगसकट.

"दार कुठंय?"

दार आणलं. एका दाराने ते नुसतंच उघडंबोडकं दिसू लागलं म्हणून दुसरं आणलं. दारांना उभं राहायला खांब लागतात, खांबांना वरून धरायला टप लागतो. टप आला म्हणजे मागची काच आली, मागचं सीट आलं. हे सगळं मी गिऱ्हाइकांच्या बाबतीत शंभरदा पाहिलंय. माणूस नुसता आरसा बदलायला येतो आणि नवी गाडी बेतून जातो. आपण त्याला आतल्या आत हसतो. वस्तादांच्या माणसांनी गाडीचं नाक कापलं, शेपूट कापलं आणि मधलं जे उरलं त्याचे भाग करून ते आमच्या जिन्याखाली आणून ठेवले. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो त्या ढिगाकडे बघत म्हणाला, "आपला पलंग कुठे जाणार?" मी म्हटलं, "बाहेरच्या खोलीत." तो म्हणाला, "आणि बाहेरची खोली?" भूगोलवाल्यांना सगळं कुठे आहे हे विचारायची खोडच असते.

टप जिन्याच्या वळणावर अडकला. वरही जाईना, खालीही येईना. त्या दिवशी इमारतीतला जो तो त्याच्याखालून वाकून गेला आणि जाता जाता सल्ला देऊन गेला. समोरच्या काकू म्हणाल्या, "साबण लाव गं, बांगडी निघत नाही तेव्हा मी तेच करते." तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की त्यांच्या मेव्हण्याने असाच एक पियानो चढवला होता. कसा चढवला, विचारलं, तर म्हणाले, "चढला नाही शेवटी." आणि सगळे सल्ले नवऱ्याला. टप माझ्या खांद्यावर, पाना माझ्या हातात, पायजमा ग्रीसने माखलेला माझा, आणि बोलणं सगळं त्याच्याशी. "कोन जरा बदला, साहेब." तो बिचारा प्रत्येकाला सांगत होता, "अहो, मी भूगोल शिकवतो." शेवटी साबण लावला. निघाला. काकू अजून सांगतात सगळ्यांना.

सेक्रेटरी खालीच राहतात. इमारतीची नियमावली त्यांना पाठ आहे, कारण ती त्यांनीच लिहिली आहे. ते दारात येऊन म्हणाले, "कलम सात. वाहन तळमजल्यावरच उभं करायचं."

"हे वाहन नाहीये हो, काका. फर्निचर आहे."

"फर्निचरला वायपर असतो?"

मी वायपर काढला. ते म्हणाले, "गाडी मोडीत काढली असा सरकारी दाखला दाखवा, मी गप्प बसतो." आता ही साधी गोष्ट होती. निदान मला तसं वाटलं.

परिवहन कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी भंगारवाल्याची वजनाची पावती उताणी, पालथी करून पाहिली. "वजन कमी भरतंय. उरलेली गाडी कुठाय?"

"आमच्या झोपायच्या खोलीत."

"कुणाच्या?"

"आमच्याच. पहिल्या मजल्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अख्खी गाडी मोडल्याशिवाय मोडीत निघत नाही. अर्धी मोडली तर ती दुरुस्तीत धरतात. चालू आहे का?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण धंद्याचा अभिमान आड आला. "चालत नाही, थरथरते. एकदम एकसारखी."

"थरथरते म्हणजे चालू," बाईंनी लिहून घेतलं. "तपासनीस येऊन बघतील. ब्रेक लावून ठेवा. आणि घरचं कुणी पुरुष माणूस असेल तर थांबवून घ्या, तांत्रिक विचारतात ते." मी म्हटलं, "पुरुष आहेत. भूगोलाचे आहेत."

घरी येऊन मी गाडी जोडायला घेतली. किल्ली झोपली की काम, असं म्हणायची सोय नव्हती, कारण ती झोपत नव्हती हाच तर प्रश्न होता. ती माझ्याजवळ बसून मला बोल्ट द्यायची, चुकीचे. मधूनच गळ्यात पडायची, ग्रीसच्या हातांनी मला तिला धरता यायचं नाही, मग मी कोपरांनी धरायचे. कोपरांत धरलेलं पोर किती हलकं लागतं! नुकतं खाऊन झालेलं असलं तरी.

शेवटचा बोल्ट आवळला, बटण दाबलं. गाडी थरथरली. अतिशय सुंदर थरथरली. आणि समोरून काकूंची हाक आली की त्यांच्या फळीवरचे कप चालत चालत टोकाशी आलेत. मी गाडीखाली रबराचे तुकडे घातले, कप थांबले. किल्ली आपल्या जागी बसली. बराच वेळ गेला. ती तशीच, टक्क जागी. मग म्हणाली, "आई, ही आपली गाडी नाही."

"आपलीच आहे गं, राणी. हा बघ तू चावलेला पट्टा."

"बोलत नाही ही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि असा पडला की मी तिथेच फरशीवर बसले. जोडताना माझ्या हातांनी सवयीने सगळं आवळून टाकलं होतं. एकेक स्क्रू, एकेक बिजागरी, जिथे जिथे काही वाजायची शक्यता तिथे तिथे चामड्याची पट्टी. पोर ज्या आवाजावर झोपायची तोच आवाज मी घालवला होता, आणि इतका सफाईने घालवला होता की वस्तादांनी पाहिलं असतं तर माझ्यासमोर कौतुक केलं असतं.

आता आली का पंचाईत. उमेदीची सगळी वर्षं मी आवाज काढून टाकण्यात घालवली. आवाज परत आणायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एक स्क्रू ढिला केला, दार नुसतंच कुरकुरलं. दुसरा केला, आरसा निखळून मांडीवर. वस्तादांना फोन केला. "वस्ताद, खुळखुळ कशी बसवतात?" ते म्हणाले, "बाई, जरा झोपून घ्या."

चाचणीला माणसं तर हवीत. नवऱ्याला मागे बसवलं, म्हटलं, कुठून आवाज येतोय ते सांग. त्याने नीट ऐकायला म्हणून डोळे मिटले आणि गेला. सासूबाईंना बसवलं. त्या म्हणाल्या, "मला नाही हो असल्या ठिकाणी झोप लागत, मला माझी गादी, माझी उशी आणि खिडकी जरा किलकिली..." खिडकी पुरती किलकिली व्हायच्या आत त्यांची मान काचेला टेकली. दोघांच्या मधे किल्ली टकटकीत बसून होती. सगळं घर झोपवणारी गाडी मी बांधली होती. फक्त गिऱ्हाइकाला माप बसत नव्हतं.

अखेर तो आवाज सापडला. डॅशबोर्डच्या कप्प्यात माझी एक जुनी वॉशर, म्हणजे बोल्टखालची चकती, पडलेली असायची, ती मी टापटिपीने डब्यात टाकली होती. डबा उपडा करून, एकेक वॉशर कप्प्यात टाकून ऐकत बसले. बऱ्याच गेल्या. मग एक टाकली आणि गाडी बोलली. खुळ्ळ, खुळ्ळ, टिक. खुळ्ळ, खुळ्ळ, टिक. किल्ली स्वयंपाकघरातून धावत आली. "आली!" ती म्हणाली. म्हातारं माणूस गावाहून परत यावं तशी.

तरी झोपली नाही.

आज महिनाअखेर. उद्या एक तारीख. आणि आजच दुपारी, जेवणं होतात न होतात तोच, दारात तपासनीस. डोळ्यांखाली काळं, हातात छडीसारखी टॉर्च. मागे सेक्रेटरी, नियमावली काखेत. नवरा शाळेत होता म्हणून तपासनीसांनी आधी सासूबाईंना विचारलं, "गाडी कुणी बनवली?"

"ही काय, सूनबाईने," सासूबाई इतक्या ठसक्यात म्हणाल्या की मी पदर नसताना पदर सावरला. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कुणी माझ्या बाजूला तोंड करून म्हटलं होतं.

तपासनीसांनी खोलीत येऊन गाडीला एक फेरी मारली. पुढे भिंत, मागे कपाट. "ही बाहेर कशी काढणार?"

"काढायची नाहीये."

"मग वाहन कसं म्हणायचं?"

"तेच मी म्हणतेय."

"आत बसल्याशिवाय सांगता येणार नाही," सेक्रेटरी मागून म्हणाले, आणि आवाजात न्यायापेक्षा हौस जास्त होती. इतके दिवस त्यांना बसून बघायचं होतं, मला नंतर कळलं. तपासनीस पुढे डाव्या बाजूला बसले. सेक्रेटरी मागे, दुसऱ्या टोकाला सासूबाई, "कुणी तरी घरचं नको का," म्हणत. मधे किल्ली. मी बटण दाबलं.

खुळ्ळ, खुळ्ळ, टिक.

"ब्रेक..." तपासनीस म्हणाले. टॉर्च त्यांच्या मांडीवरून सीटवर घरंगळली. "सकाळपासून चौथी..." आणि हनुवटी छातीवर. सेक्रेटरींची नियमावली कलम सातवर उघडी राहिली आणि ते तिच्यावर. सासूबाई तर बसतानाच गेल्या होत्या. तीन माणसं तीन सुरांत घोरत होती, आणि त्या घोरण्याच्या मधोमध माझी लेक ताठ बसून पुढच्या काचेतून भिंतीकडे बघत होती. पापणी न हलवता. तिच्या डोळ्यांखालीही काळं आलं होतं, मला ते आज दिसलं.

मला रडू आलं की हसू, ठरवायला वेळ नव्हता. उद्या जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीत भाचा गाणी लावून बसणार, तिचं एखादं चाक कण्हत असणार आणि ते कुणाला ऐकू येणार नाही, आणि कुठल्या तरी उतारावर ते वासरू... मी खिडकीतून आत डोकं घातलं. "किल्ले, का गं झोपत नाहीस? किती दमलीस. मी काय करू अजून, सांग."

तिने तोंडावर बोट ठेवलं. "हळू. सगळे झोपलेत."

"मग तूही झोप ना."

"मी कशी झोपू?" तिने पुढच्या रिकाम्या सीटकडे, स्टिअरिंगकडे बोट दाखवलं. "गाडी चाललीये. पुढे बघायला नको कुणी?"

वर्कशॉपात मी किती गाड्या तपासल्या! चाकं, सांधे, बिजागऱ्या, एकेक स्क्रू. पण चालवणाऱ्याची जागा रिकामी आहे का, हे कधी तपासावं लागलं नव्हतं, कारण तिथे मी बसलेली असायचे.

मी दार उघडलं. स्टिअरिंगमागे बसले, आरसा तिच्यावर धरला आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. पुढे भिंतीवर कॅलेंडर होतं, ते रस्ता म्हणून पुरलं. आरशात किल्लीने मोठा सुस्कारा सोडला. अख्ख्या आठवड्याचा. तिचे खांदे उतरले, डोकं आजीच्या दंडावर टेकलं. मी एक वळण घेतलं, हळूच, तिला धक्का नको म्हणून. पापण्या मिटत आल्या.

"आई."

"अं?"

"उद्या तू कामावर गेलीस की कोण चालवणार?"

"आजी चालवेल."

किल्लीने जड झालेली मान उचलली. चष्मा कपाळावर, तोंड उघडं, घशातून बारीक शिट्टी, अशा आजीकडे तिने बराच वेळ पाहिलं, अगदी मी चाचणीला आलेल्या गाडीकडे बघते तसं. मग आरशात माझे डोळे शोधले.

"आणि आजी झोपली तर?"